जुना नकाशा आणि बुडालेले शिवार

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



संघाच्या कार्यकारी मंडळाने या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे, आणि संगणकशास्त्राचे पदवीधरही नव्हे. परंतु गेली काही वर्षे आपल्या घरच्या जुन्या नकाशांच्या नादी लागून जे थोडेफार हाती आले, त्यात आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या उपयोगाचे काही आहे असे वाटल्यावरून हा विषय निवडला. आमच्या हकिकतीत एक भाग असा आहे की, तो सांगताना आम्हांस अभिमान वाटत नाही. तोही न लपविता आपल्यापुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आपल्या ज्ञातीतील शेकडो घरे आज पुण्यामुंबईत, काही तर परदेशात आहेत. तथापि कोणासही 'तुमचे मूळ गाव कोणते' म्हणून विचारले, तर उत्तर चटकन येते. पुढे 'शेत कोठे होते' असे विचारले, तर 'ओढ्याच्या पलीकडे', 'नदीच्या अंगाला' यापलीकडे फारसे कोणास सांगता येत नाही. गाव स्मरणात राहते, शिवार मात्र दोन पिढ्यांत पुसले जाते. हे पुसलेले शिवार पुन्हा कसे मांडता येईल, हाच आजचा विषय होय.

आपल्या देशी जमिनीची मोजणी फार जुनी आहे. शिवकालात पाच हात व पाच मुठी लांबीची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, हे प्रमाण सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पेशवाईत गावोगावचे थळझाडे लिहिले जात. त्यांत कोणते थळ कोणत्या घराण्याचे, हे नावानिशी असे. पण ही सारी लेखी नोंद होती. शेताची आकृती कागदावर काढून त्यास क्रमांक देण्याची पद्धत दख्खनमध्ये सर्वत्र रूढ झाली ती इंग्रजी अमलात, आणि तिचा आरंभ झाला तो आमच्याच इंदापूर तालुक्यात.

हा आरंभ अपयशातून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. खर्चवेच वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या शेकडा ५५ भाग सरकारने घ्यावा, असे त्याचे गणित होते. विलायतेतील अर्थशास्त्राच्या ग्रंथांवरून बसविलेले हे गणित कागदावर सुरेख दिसले, पण मोजणी व प्रतवारी सदोष निघाली आणि आकार रयतेस झेपेना. जमिनी पडीक पडल्या, कित्येक कुटुंबे निजामाच्या मुलखात निघून गेली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी व विंगेट हा तरुण लष्करी इंजिनिअर या दोघांकडे इंदापुरची फेरमोजणी सोपविण्यात आली. १८३६ पासून नवे दर तीस वर्षांच्या हमीने लागू झाले, आणि या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात कायमचे बांधले गेले.

या पद्धतीत एक व्यवहारी शहाणपण होते. सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीस वाहता येईल एवढे क्षेत्र हे माप धरले गेले. त्यामुळे हलक्या माळावर नंबर मोठा, तर बागायतीत लहान. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आजही आपण गुंठ्याचा भाव बोलतो, तेव्हा ती साखळीच बोलत असते. जमिनीचा पोत व खोली पाहून नऊ प्रती ठरविल्या. उत्तम जमीन सोळा आण्यांची आणि सर्वांत हलकी दोन आण्यांची. त्या नंबराचे टिपण, गावचा नकाशा आणि आकारबंद ही तीन कागदपत्रे एकत्र वाचली, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणत्या शेताची माती किती खोल होती, हेदेखील आज घरबसल्या कळू शकते.

आता नव्या साधनांकडे वळू. जुन्या गाव नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. तो गावापुरता खरा असतो, पण पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठे बसवावा हे तो सांगत नाही. त्याकरिता नकाशाची स्वच्छ प्रतिमा संगणकात घेऊन, तीवरील काही ठिकाणे आजच्या उपग्रहचित्रावरील त्याच ठिकाणांशी जुळवावी लागतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुने देऊळ, चिरेबंदी विहीर, ओढ्याचा संगम, ही अशी ठिकाणे होत. सहा-आठ ठिकाणे चांगली जुळली की संगणक उरलेला नकाशा ताणून, वळवून त्यावर बसवितो. क्यूजीआयएस नावाची याकरिता लागणारी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. आमच्यासारख्या साठी उलटलेल्या माणसास ती एका पावसाळ्यात शिकता आली, तेव्हा तरुणांनी भिण्याचे कारण नाही.

मात्र आमच्या बाबतीत एक अडचण होती. आमचे गाव भीमेच्या काठचे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि गावासह सारे शिवार जलाशयात गेले. आजच्या उपग्रहचित्रात तेथे निळ्या पाण्याखेरीज काही नाही. मग जुना नकाशा जुळवावा तरी कशाशी?

या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने 'कोरोना' या नावाच्या गुप्त हेर-उपग्रहांमधून पृथ्वीची लक्षावधी छायाचित्रे काढली. फिल्मची गुंडाळी आकाशातून खाली सोडीत आणि विमानाने ती वरचेवर झेलीत. हेतू शत्रूची शस्त्रास्त्रे हेरण्याचा होता, पण कॅमेऱ्याखाली जे जे आले ते ते टिपले गेले, आणि त्यात भारतातील शेतेही आली. १९९५ साली ही चित्रे जगास खुली करण्यात आली. शेवटच्या काळातील कॅमेऱ्यांना सहा फुटांइतकी बारीक वस्तूही दिसत असे. धरणापूर्वीच्या भीमेच्या खोऱ्याचे असे एक चित्र आम्ही मिळविले. ते संगणकाच्या पडद्यावर मोठे केले, तेव्हा करड्या रंगात बांधांच्या रेषा दिसू लागल्या, विहिरींचे काळे ठिपके दिसले, आणि नदीच्या वळणावर देवळाचा चौक दिसला. आमचे आईवडील ज्या वाटेने नदीवर जात ती पाऊलवाटही दिसली. घरातील कोणी काही बोलले नाही. आम्ही कितीतरी वेळ ते चित्र नुसते पाहत बसलो.

मधला दुवा असा मिळाला. पाण्याबाहेर राहिलेली टेकडी, तिच्यावरचे लहान देऊळ, ओढ्याची वरची वळणे यांच्या आधारे कोरोनाचे चित्र आजच्या चित्रावर बसविले, आणि त्या चित्रातील बांध-विहिरींच्या आधारे जुना गाव नकाशा बसविला. सारे तंतोतंत जुळले असे नाही. कापडावर चिकटविलेला नकाशा वर्षानुवर्षांच्या घड्यांनी आकसतो, आणि उपग्रहाचे चित्रही कडांना ताणलेले असते. काही ठिकाणी चूक दहा फुटांची, तर काही ठिकाणी साठ फुटांचीही निघाली. अशा नकाशावर हद्दीचा दावा लावता येत नाही. त्याकरिता सरकारी मोजणीच करून घेतली पाहिजे. पण पूर्वजांचे शेत कोठे होते, हे कळण्यास तो पुरेसा असतो.

नकाशा झाला, पण त्यावर क्रमांकांखेरीज काही नव्हते. आमच्या थोरल्या आत्याबाई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. दृष्टी मंदावलेली, पण स्मरण तल्लख. त्यांच्यापुढे नकाशा उलगडून आम्ही वेशीपासून एकेक वाट बोटाने दाखवीत गेलो आणि त्या नावे सांगत गेल्या: चिंचेचं, मळई, खडकाळी, बामणविहीर, गाळाचं, लवणातलं. एका बैठकीत चौदा नावे झाली. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरले की मळईत कलिंगडे लावीत, खडकाळीत हुलगे व मटकी, आणि लवणातल्या काळ्या रानात शाळू. नकाशातील आणेवारीशी आम्ही हे ताडून पाहिले. शाळूचे रान चौदा आण्यांचे आणि हुलग्यांचे तीन आण्यांचे निघाले. मोजणीदाराच्या साखळीने जे लिहिले, तेच आत्याबाईंच्या तोंडून ज्वारी आणि हुलगे होऊन बाहेर पडत होते.

आता त्या भागाकडे येतो, जो सांगण्याचे आम्ही आरंभी कबूल केले.

'नदीकाठी आपले चाळीस एकरांचे एकटाक रान होते' हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या ऐकू येते. लग्नाच्या बोलण्यांतही ते आले असेल. नकाशा पाहता त्या जागी एक नव्हे, तीन नंबर निघाले. कडेचे दोन आमच्या पणजोबांच्या खाती होते. मधला, सुमारे अकरा एकरांचा, आकारबंदात इनाम वर्गात दाखविलेला होता. आत्याबाईंना विचारले, तर त्या सहज म्हणाल्या, "तो होय, तो हाडवळ्याचा तुकडा. सगळे हाडवळाच म्हणायचे. का म्हणायचे ते कधी कुणी विचारलं नाही बाबा."

आम्ही विचारले नव्हते, हेच खरे. हाडकी-हाडोळा म्हणजे महार वतनाची जमीन. गावची शीव राखणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारी टपाल नेणे अशा राबणुकीच्या बदली ही जमीन त्या समाजाकडे असे. या वतनाचा बोजा कसा मोबदल्याहून जड होता, हे डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणून मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची ही वतने नष्ट झाली आणि ठरावीक रक्कम भरून त्या जमिनी मूळ वतनदारांस परत देण्याची तरतूद झाली. जे नाव आमच्या घरात रोज तोंडी होते, त्याच नावात मालकी कोणाची हे लिहिलेले होते. आम्ही केवळ वाचले नव्हते.

ट्रंकेच्या तळाशी आजोबांनी दिलेल्या खंडाच्या पावत्या सापडल्या. प्रत्येकीवर वतनदाराच्या अंगठ्याची निशाणी. या पावत्या एका वर्षी थांबतात. आजोबांच्या पेरणीच्या वहीत मात्र त्या तुकड्याची नोंद पुढेही नऊ वर्षे चालू आहे. नऊ वर्षांचा खंड दिला गेला की नाही, पावत्या हरवल्या की झाल्याच नाहीत, हे सांगणारे आज कोणी हयात नाही. आजोबा सरळ माणूस होते अशी घरातील सर्वांची श्रद्धा आहे. पण ट्रंकेत पुरावा श्रद्धेच्या बाजूने नाही, आणि आम्ही तो आहे तसा आपल्यापुढे ठेवीत आहोत.

घरात यावरून मतभेद झाले. 'पाण्याखाली गेलेले पाण्याखाली राहू द्या' असे आमच्या धाकट्या बंधूंचे म्हणणे. आमच्या सूनबाईंनी मात्र एक प्रश्न केला, "नकाशा खरा पाहिजे म्हणून एवढे कष्ट घेतलेत, मग तेवढाच तुकडा रंगवायचा राहू द्यायचा का?" यास उत्तर नव्हते. आम्ही नकाशाची एक मोठी प्रत काढली, पावत्यांच्या व वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि पुनर्वसित गावठाणात राहणाऱ्या त्या वतनदारांच्या घरी गेलो. घरातील वडील माणसाने आमचे सर्व बोलणे शांतपणे ऐकले. पावत्यांची पाने त्यांनी एकदा चाळली आणि मुलाकडे दिली. मग चष्मा लावून ते नकाशावर वाकले. म्हणाले, "इथं तीन लिंब होते. मधल्याखाली आमचा बाप जेवायचा." तो नंबर त्यांनी बोटाने झाकला आणि हात तसाच काही वेळ ठेवला. निघताना म्हणाले, "पैशाचं काय ते पोरं बघतील, नाही तर नाही बघणार. नकाशा दिलात हे बरं केलंत. आपलं रान कुठं होतं ते आता नातवंडांना दाखवता येईल." तीन लिंबांची नोंद आम्ही नकाशावर त्यांच्या नावानिशी केली. आत्याबाईंच्या चौदा नावांत ती नव्हती. खंडाचा हिशेब अद्याप दोन्ही घरांत चालू आहे आणि तो पुरा करणे आमच्याकडे आहे.

पुढील वैशाखात पाणी बरेच उतरले. पळसदेवचे जुने देऊळ अशा वर्षी पाण्याबाहेर येते, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. आम्ही दोन्ही घरची माणसे मिळून भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. मोबाइलवर नकाशा होता आणि त्यावर आम्ही कोठे आहोत हे दाखविणारा ठिपका सरकत होता. ठिपका विहिरीवर आला, पण तेथे सपाट गाळ होता. तीस पावलांवर एका मुलास चिऱ्यांची गोल कड लागली. नकाशा तीस पावले चुकला होता, पण विहीर होती.

बंधुभगिनींनो, हा केवळ बुडालेल्या गावांचा प्रश्न नव्हे. शहरांनी गिळलेल्या गावांचेही तेच झाले आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर गावाचा बारकाईने अभ्यास करून १९१७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे दर खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. वाटण्या होत होत शेताच्या चिंधड्या झाल्या. आज त्या गावी शेत औषधालाही दिसत नाही, उंच इमारती उभ्या आहेत. आपल्यापैकी काही जण तेथेच राहत असतील. शहरांच्या कडेला ज्या लांबट अरुंद वसाहती आणि अकारण वळणारे रस्ते दिसतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा जुने बांधच असतात. जुना नकाशा त्यांवर ठेवून पाहिला, म्हणजे भावाभावांची वाटणी रस्ता होऊन राहिलेली दिसते.

यास्तव आमची संघास व सर्व कुटुंबांस काही नम्र विनंती आहे. पहिली, घरातील टिपणे, फाळणीचे कागद, जुने सातबारे, खंडाच्या पावत्या, पेरणीच्या वह्या रद्दीत घालू नका. १९४७ च्या कायद्यान्वये एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या क्रमांकाचा माग काढण्यास हे कागदच उपयोगी पडतात. चांगल्या उजेडात त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवा. दुसरी, घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, शेतांची नावे आजच लिहून घ्या. सरकारी कागदात खातेदाराचे नाव असते, खुरपणाऱ्या बाईचे नसते. पण कोणत्या रानात काय पिकत असे, हे तिलाच ठाऊक असते. आमच्या आत्याबाई त्या बैठकीनंतर सात महिन्यांनी वारल्या. आम्ही आळस केला असता, तर ती चौदा नावे त्यांच्याबरोबर गेली असती. तिसरी, संघाच्या तरुण मंडळाने अशा नकाशांसाठी एक लहान समिती नेमावी. सरकारने गाव नकाशे व अधिकार अभिलेख पुष्कळ अंशी संगणकावर आणले आहेत, आणि २०२१ पासून नकाशे वापरण्यावरील निर्बंधही बरेच सैल झाले आहेत. साधनांची उणीव नाही, हाताची आहे.

चौथी विनंती सर्वांत महत्त्वाची. हे काम ज्ञातीने हाती घ्यावे, पण ज्ञातीपुरते ठेवू नये. आपल्या नंबराच्या चारही बांधांना दुसऱ्याचे नंबर लागतात. कोणा सुताराचे, कोणा माळ्याचे, कोणा वतनदाराचे. त्यांची नावे लिहिल्यावाचून आपली हद्दही पुरी होत नाही. आम्ही स्वतःच्या घराचा मोठेपणा शोधावयास निघालो होतो. मधल्या अकरा एकरांनी आम्हांस अडविले, हे आम्ही भाग्य समजतो. त्यामुळे शेत लहान झाले खरे, पण नकाशा खरा झाला.

आमचा नकाशा सभागृहाबाहेरील मेजावर ठेवला आहे. ज्यांचे गाव भीमाकाठचे असेल, त्यांनी येऊन अवश्य पाहावा आणि त्यावर एखादे नाव राहिले असेल, तर पेन्सिलीने लिहावे.